माथ्याला लावलेलं तीर्थ

ऑपरेशनचा दिवस ठरला आणि माझा देवावरचा भरवसा डळमळला, हे आधी कबूल करतो. माझं गाव जत तालुक्यात. तिथून इतक्या लांब, इकडे भंडारा जिल्ह्यात, वरठीला मी कारखान्यात कामाला आहे. आईला मी ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं. डोळ्यांवर लेसर मारणार म्हटलं असतं तर तिला घास गिळला नसता. त्यामुळे भीती माझी मलाच. देवाला म्हणायचो, डोळे तूच अधू दिलेस, आता त्यांना हात लावताना तू जवळ असशील ना?

लहानपणी मला फळ्यावरचं दिसायचं नाही. दिसत नाही हेसुद्धा कळत नव्हतं. वाटायचं, सगळ्यांनाच असं धुरकट दिसतं आणि हुशार पोरं अंदाजाने वाचतात. याच्या डोक्यात काही शिरत नाही, असं गुरुजी म्हणाले आणि सातवीत शाळा सुटली. आईला मात्र कुठेतरी संशय होता. देवळात गेलो की ती तीर्थ घ्यायची, ओला हात माझ्या दोन्ही डोळ्यांवरून फिरवायची आणि म्हणायची, "देवा, लेकराच्या डोळ्यांत राहा." पुढे एकोणिसाव्या वर्षी चष्मा लागला, पण तीर्थ घेतलं की ओला हात डोळ्यांना लावायचा, ही सवय अंगात मुरली ती मुरलीच.

कारखान्यात मी क्रेनखाली उभा राहून वरच्या ड्रायव्हरला हाताने इशारे करतो. उष्णता फार, घामाने चष्मा घसरतो. एकदा लोखंडी प्लेट खाली येत असताना चष्मा नाकावरून सुटला आणि मी हात वर करायचा तो खाली केला. नशिबाने कुणाला लागलं नाही. पण साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, परत असं झालं तर या कामावर ठेवता येणार नाही. हेच एक काम मला नीट येतं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

माझ्या खोलीत याच जिल्ह्यातल्या सिहोऱ्याचे मोरेश्वरभाऊ राहतात. ते म्हणाले, "लेसर करून टाक ना बे. माह्या साळ्यानं केलं, चष्मा फेकूनच देल्ला त्यानं."

"अन् डोळेच गेले तर, भाऊ?"

"काहून एवढा भिऊन राहिला? तुले आता तरी कुठं दिसते?"

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोन तास तपासण्या केल्या. माझ्या बुबुळावरचा पडदा जरा पातळ निघाला. बाई म्हणाल्या, पडदा कापून उचलायची पद्धत तुम्हाला चालणार नाही, पण आता वरच्या वर नुसत्या लेसरने करता येतं, डोळ्याला पातं लागत नाही. दुखेल मात्र, आणि नीट दिसायला दिवस जास्त लागतील. मी विचारलं, भीतीने माझा डोळा हलला तर? त्या हसल्या. "थोडा हलला तर यंत्र त्याच्यामागे जातं. जास्त हलला तर आपोआप थांबतं. तुम्ही हिरव्या दिव्याकडे बघा, बाकीचं आमच्यावर सोडा."

त्या टेबलावर मी तेवढंच केलं. टकटक आवाज, काहीतरी जळाल्यासारखा वास, आणि वर तो हिरवा ठिपका. आईचं वाक्य मनात म्हणत राहिलो. काही मिनिटांत झालंसुद्धा. डोळ्यांवर पट्टीसारखी पातळ लेन्स बसवली आणि बजावलं, पाचव्या दिवशी काढू, तोवर डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये.

पहिले दोन दिवस डोळ्यांत मिरची टाकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं, पण दिसणं पहिल्यापेक्षा धूसर. माझा जीव थाऱ्यावर राहिना. कारध्याला वैनगंगेच्या काठी महादेवाचं एक लहान देऊळ आहे, तिथे मी बोललो होतो की ऑपरेशन झालं की लगेच पाया पडायला येईन. भाऊ म्हणाले, पाचव्या दिवसानंतर जाऊ. मी हट्टाने त्यांच्या गाडीवर बसलो.

भाऊ गाडी लावायला थांबले. मी चाचपडत आत गेलो. दवाखान्याने डोळे जपायला दिलेला काळा चष्मा देवासमोर बरा दिसत नाही म्हणून काढून खिशात ठेवला. पुजाऱ्यांनी ओंजळीत तीर्थ दिलं. मी ते प्यालो आणि ओला हात डोळ्यांकडे नेला. तीन दिवस नळाचं पाणी मी चेहऱ्याला लागू दिलं नव्हतं, ओल्या फडक्याने नुसते गाल पुसत होतो. पण तीर्थ हे पाणी आहे, असं माझ्या मनात आलंच नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी मनगट घट्ट धरलं आणि एका म्हातारीचा आवाज आला. "ए बापू, थांब. दवाखान्याचा काळा चष्मा खिशात ठेवते अन् डोळ्यात पानी घालते?"

"तीर्थ आहे, आजी."

"देवासाठी तीर्थ. तुह्या डोळ्यासाठी नदीचं पानीच होय ते. माह्या मोतीबिंदूच्या टायमाले मी बी हेच करून बसली होती. महिनाभर डोळा लाल. माथ्याले लाव, तिथं बी देव पाहते."

मी हात कपाळाला लावला. वळून पाहिलं तर समोर हिरवट लुगड्याचा नुसता रंग, बाकी चेहरा नाही. भाऊ आले तोवर ती गर्दीत गेली होती. "कशी होती दिसाले?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तेच तर दिसलं नाही."

पाचव्या दिवशी लेन्स काढताना हे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाल्या, नदीचं पाणी या लेन्सखाली अडकलं असतं तर बुबुळाला जंतू लागायची भीती होती, मग मी कसलीच खात्री देऊ शकले नसते.

हळूहळू धुकं हटलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी खोलीच्या दारातून समोरच्या दुकानाची पाटी वाचली, चष्म्याशिवाय, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मग दाराच्या उंबऱ्यावर बसून रडलो आणि आईला फोन केला. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, "तीर्थ लावलंस ना रे डोळ्यांना?" मी म्हणालो, "माथ्याला लावलं, आई. तशी आज्ञा झाली."

कामावर परत रुजू झालो. पहिल्या सुट्टीला कारध्याला गेलो. पायऱ्यांवर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. मला तिचा चेहरा ठाऊक नाही, आणि लुगड्यांचे रंग काय, रोज बदलतात. म्हणून मी ओळीने चौघींच्या पाया पडलो.

"काय बापू," एकजण म्हणाली, "सरपंचकीले उभा होऊन राहिला का?" चौघी हसल्या.

आवाज तोच होता का, सांगता येत नाही. मी विचारलंही नाही. माझा डोळा हलला तर थांबणारं यंत्र माणसांनी केलं होतं. माझा हात चुकला तेव्हा तो कुणी थांबवला, हे मी आता शोधत नाही. आत गेलो, तीर्थ घेतलं, ओला हात माथ्याला लावला. बाहेर आल्यावर चौघींचे चेहरे पुन्हा एकदा नीट पाहिले. सगळ्या सुरकुत्या दिसत होत्या.