डावा हात कमरेवर

आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस तापीच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन, त्यांच्या तर आधी. ते जळगावच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, माझं धुळ्यात आजोबांच्या वेळेपासूनचं चांदीकामाचं दुकान, आणि माझी मुलगी त्यांच्या थोरल्या मुलाला दिलेली. एवढाच आमचा संबंध. पण गेली वीस वर्षं या माणसानं माझं डोकं असं काही खाल्लंय की दुसरा कुणी असता तर मुलीला घेऊन माघारी आला असता. त्यांचं म्हणणं एकच. जगात डोळ्यांना दिसतं ते सगळं नक्कल. अस्सल वस्तू एकेकच असते, ती कुठंतरी वर, नाहीतर माणसाच्या मनाच्या तळाशी असते, आणि दिसत कुणालाच नाही. तिला ते आदिरूप म्हणतात. घोडे हजार, पण आदिघोडा एक. आया लाख, पण आदिमाता एक. हे वर्गात सांगून भागलं असतं तर ठीक होतं. पण जळगावच्या भाजीबाजारात भरताचं हिरवं वांगं हातात धरून हे विकणाऱ्या बाईला सांगायचे, की मावशी, हे वांगं नव्हे, ही खऱ्या वांग्याची सावली आहे. त्या बाईनं एकदा ते वांगं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "मग सर, आज सावलीचंच भरीत करा." त्या दिवशी त्यांच्या घरी पिठलं झालं.

माणसांच्या बाबतीतही तेच. मुलगी बघायला आले तेव्हा चहा निवेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत बसले आणि म्हणाले, "नाना, तुम्ही साक्षात आद्य वधूपिता आहात." मी खूश झालो. आत गेल्यावर आमची ही म्हणाली, "माणूस बरा आहे ना डोक्यानं?" एका कचेरीत दाखल्यासाठी चार फेऱ्या झाल्यावर त्यांनी कारकुनाला सांगितलं, की माझा राग तुझ्यावर नाही, तुझ्या मागे जो सनातन कारकून उभा आहे त्याच्यावर आहे. कारकुनानं वळून पाहिलं. "मागे कुणी नाही सर, साहेब जेवायला गेलेत." घरातल्या असल्या प्रत्येक प्रवचनाला विहीणबाई दारात येऊन उभ्या राहत, डावा हात कमरेवर, उजवा चौकटीला. मध्ये बोलत नसत. प्रवचन संपलं की एकच वाक्य. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून त्याचीच देवी करायची, ही आमच्या खानदेशाची रीत. त्यावर व्याह्यांनी एकदा तासभर समजावलं, की देवी नारळात नसते, नारळ कुठलाही चालतो, कारण रूप आधीचं आणि नारळ नंतरचा. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "झालं? मग तो दुसरा नारळ सोला, खोबरं पाहिजे." व्याही मुकाट्यानं सोलायला बसले.

धुळ्याला आले की त्यांचा मुक्काम माझ्या दुकानात, ठशांच्या पेटीपाशी. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक आम्ही ठशावर करतो. ओतीव ठसा खाली, त्यावर चांदीचा पत्रा, वर शिशाचा तुकडा, आणि मग हातोडा. खंडोबा, भवानी, आणि घरातली गेलेली माणसं. पुरुष गेला की घोड्यावरचा वीर, मग तो जन्मभर सायकलवर का फिरलेला असेना. नवऱ्याच्या आधी बाई गेली की सवाष्ण, हातात कुंकवाचा करंडा, मान खाली. एकेक ठसा, आणि त्यावर सगळा खानदेश. व्याही ती पेटी उघडून बसत आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत, "मी तीस वर्षं जे फळ्यावर शिकवलं ते नानांच्या आजोबांनी या पेटीत भरून ठेवलंय. माणूस जातो, ठसा राहतो. ठसाच खरा." गिऱ्हाईक मान डोलावून निघून जाई. मी वरवर वैतागायचो, पण खरं सांगतो, मला अभिमान वाटायचा.

मग विहीणबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठवड्यात सगळं संपलं. वर्षश्राद्धानंतर धाकट्याचं लग्न ठरलं. त्यांच्याकडे लग्नाआधी देव उजळायचे आणि गेलेल्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात बसवायचा, त्याशिवाय हळद लागत नाही. चोपड्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, घेऊन व्याही दुकानात आले. मी चांगला जाड पत्रा काढला, सवाष्णीचा ठसा पुसला, हातोडा उचलला, तर यांनी माझं मनगट धरलं.

"ही कोण?"

"सवाष्ण."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? सगळ्यांची."

"मला सगळ्यांची नको. माझी पाहिजे."

माझं डोकं फिरलं. आजोबांच्या ठशाला नाव ठेवणारा हा पहिलाच माणूस, आणि तोही हा. म्हटलं, वीस वर्षं माणूस खोटा आणि ठसा खरा म्हणून माझे कान किटवलेत, त्याचं काय? म्हणाले, "शिकवलं असेल चूक. आता निवृत्त झालोय." ही मान खाली घातलेली बाई माझ्या घरात कधी आलीच नाही, मी तिला ओळखत नाही, आणि अनोळखी बाईला देव्हाऱ्यात बसवणार नाही, असं त्यांनी भर दुकानात ठणकावलं. त्यांना डावा हात कमरेवर पाहिजे होता. अक्का उसळल्या. देव्हाऱ्यात कमरेवर हात फक्त विठोबाला शोभतो, म्हणाल्या. "विठोबाचे दोन्ही आहेत," व्याही म्हणाले, "हिचा एकच." अक्कांनी पिशवी उचलली. असला टाक बसवलास तर मी हळदीला येणार नाही, आणि मी नसताना हळद कोण लावतं ते बघतेच. व्याही म्हणाले, मग हळदीशिवाय लग्न होईल, पण ती मान खाली घालणार नाही. लग्नाला आठ दिवस राहिले होते. तिकडे माझी मुलगी फोनवर रडत होती, आणि इकडे हा माणूस माझ्या गादीवर मांडी घालून बसला तो हलेना.

शेवटी मी राळ तापवली. हे ठशाचं काम नव्हे. राळेवर पत्रा चिकटवायचा आणि बारीक छिन्नीनं टिपून टिपून आकार उठवायचा. मी ते कैक वर्षांत केलं नव्हतं. पहिला तांब्यात करून पाहिला, तर हात किटलीच्या कानासारखा झाला. दुसरा चांदीत घेतला. व्याही समोर बसून सांगत होते, कोपर थोडं बाहेर, अजून थोडं, खांदा सैल. मी म्हणालो, एवढं कोपर बाहेर काढलं तर बाई चिडलेली दिसेल. "ती चिडलेली नसायची हो," ते म्हणाले. "वाट बघत असायची. मी कधी थांबतो याची." एवढं बोलून ते थांबले. मला रडू आलं. मी राळेच्या धुराला दोष दिला आणि कोपर आणखी थोडं बाहेर काढलं.

टाक घेऊन आम्ही दोघं चोपड्याला गेलो. अक्का हातात घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून व्याह्यांनी तो त्यांच्या पुढ्यात ओट्यावर ठेवला आणि तोंड फिरवून उभे राहिले. शेवटी अक्कांनी चष्मा मागवला. टाक उचलला, उजेडाकडे धरला. "हाईच शे ती," त्या म्हणाल्या. "मन्हासमोर बी अशीच उभी ऱ्हाये." मग बोटभर कुंकू लावलं आणि भावाला बजावलं, की हळदीला येईन, पण तू मध्ये बोलायचं नाही. लग्न झालं. ते मध्ये बोललेच.

तांब्याचं ते बिघडलेलं काम माझ्या पेटीत पडून होतं. गेल्या वर्षी दोंडाईच्याचा एक शेतकरी आईचा टाक करायला आला. ठसे चाळताना त्याच्या हाताला ते लागलं आणि त्यानं ते बाहेर काढलं. "हाई तं मन्ही माय शे," म्हणाला. मी सांगितलं, ही तुझी माय नव्हे, माझ्या विहीणबाई आहेत. तो ऐकेना. किटलीच्या कानासारखा हात असूनही ऐकेना. महिन्याभरात आणखी तिघांनी तेच मागितलं, कुणाची आत्या, कुणाची बायको. मी सगळ्यांना परत पाठवलं आणि व्याह्यांना फोन केला. वाटलं, भडकतील. ते सकाळच्या एसटीनं आले, पेटी उघडून बसले. मग आजोबांचा तो सवाष्णीचा जुना ठसा हातात घेऊन बघत राहिले.

"नाना, हीसुद्धा आधी कुणाची तरी असेल," ते म्हणाले. "मान खालीच पाहिजे म्हणून तिचा नवरा तुमच्या आजोबांशी भांडला असेल. हिचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आजोबांनी सांगितलं नव्हतं, वडिलांनी विचारलं नव्हतं.

"मग करा आमच्या हिचाही ठसा," तांब्याचा तो तुकडा माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले. "पण मागे नाव घाला."

ठसा मी ओतून घेतला आणि मागच्या बाजूला विहीणबाईंचं नाव कोरलं, विमल. ठोकताना ती बाजू खाली असते, नाव टाकावर उमटत नाही, गिऱ्हाइकाला कळतही नाही. डावा हात कमरेवर ठेवलेल्या बायका आता धुळ्याच्या आसपास बऱ्याच देव्हाऱ्यांत उभ्या आहेत, आणि कुणी हरकत घेतली तर भांडायला मी आहे. व्याही थकलेत. एसटीची पायरी चढताना दांडा दोन्ही हातांनी धरतात, तरी महिन्याला एक फेरी असतेच. प्रवचन आता फारसं होत नाही. ठसा उपडा करतात, चष्मा पुसून नाव वाचतात, आणि पुन्हा सुलटा करून पेटीत ठेवतात.