उजव्या चाकाचा कॅलिपर

शहर वाढत आमच्या प्लॉटपर्यंत आलं, नळ मात्र आला नव्हता. त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकरसाठी गल्लीत सकाळपासून ड्रमांची रांग असायची. एकदा बाबांनी ब्रेक मारला, त्यांची जुनी गाडी डावीकडं ओढली गेली आणि आमचाच छोटा निळा ड्रम आडवा झाला.

"काका, आता रिक्षानं जात जा," शेजारीण म्हणाली. "आज ड्रम होता, उद्या आम्ही असू!"

बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. मी यादीत लिहिलं: ब्रेक दाखवणे. खाली लिहिलं: चावी काढून घेणे.

शहागंजातल्या मिस्त्रींनी पुढची चाकं उघडली. उजव्या चाकाला ब्रेक लावणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला होता. पुढं एकटं डावं चाकच ब्रेक धरत होतं.

"बुजुर्गांची चूक नाय, बाई. गाडीच लंगडी हाय."

"मी काय सांगत होतो?" बाबा म्हणाले.

नवा पिस्टन आणि त्याच्याभोवती बसणारी रबरं मिळाली. कॅलिपर धुऊन आणायचं काम मी अंगावर घेतलं. त्या उन्हाळ्यात पाण्यानं काय काय धुवायचं याचीही माझी यादी होती. लोखंड तिच्यात नव्हतं. कॅलिपर रॉकेलमध्ये घासला आणि हातासरशी नवी रबरंही त्याच डब्यात टाकली. सकाळी ती फुगलेली.

"भजी तळली का हो?" मिस्त्री म्हणाले. "रबराला रॉकेल नक्को. ब्रेक ऑइलनंच धुवायचं."

पुन्हा नवी रबरं आणली. जोडणी झाल्यावर बाबांनी पॅडल दाबून धरलं, मिस्त्रींनी खालून नळीतली हवा काढली.

तिथून आम्ही दोघं चितेगावच्या अलीकडं, एका रुंद झालेल्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. तो निळा ड्रम मी सोबत घेतला होता. रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि बाबांच्या शेजारी येऊन बसले.

"ड्रम दिसला की ब्रेक दाबा."

गाडी निघाली. ड्रम जवळ आला, आणखी जवळ आला.

"बाबा, ब्रेक!"

गाडी अगदी सरळ थांबली. पुढून धप्प आवाज आला.

"बघ, सुतात थांबली," बाबा म्हणाले. "पण इतक्यात कशाला ओरडलीस? ड्रम अजून पुढंय."

ते उतरले, बंपरपाशी वाकले. ड्रम उचलून त्यांनी मागच्या सीटवर ठेवला आणि वळसा घालून माझ्या दाराशी आले.

"सरक तिकडं," म्हणाले.

चावी गाडीलाच होती.