चाळणीतून आलेली माती

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजी नोकरीत नेमकं काय करायची? मी माती तपासायची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागले होते. नारायण पेठेतून सायकलने जायचे. त्या नोकरीतला एक आठवडा सांगते. इतकी भीती मला नंतर कधी वाटली नाही.

माझी मोठी बहीण धायरीला दिली होती. धायरी तेव्हा खेडंच होतं आणि कालव्याच्या पाण्यावर तिथे ऊस व्हायचा. पाणी फार झालं आणि मुरून राहिलं, की जमिनीतले क्षार वर येतात आणि पीक जळतं. ताईच्या खालच्या रानात पांढरी खपली धरलेली मी दिवाळीत पाहिली होती. तिचं घर त्याच रानावर चालायचं.

त्या वर्षी सरकारने योजना काढली. ज्या रानात क्षार मर्यादेपेक्षा जास्त, तिथे पाणी निघून जावं म्हणून सरकारी खर्चाने चर खोदायचे. आकडा मर्यादेच्या आत आला तर काही नाही. शेतकऱ्यांनी माती एकदाच आणायची, आम्ही तपासायची. शनिवारी यादी बंद.

बुधवारी भाऊजींची पिशवी माझ्या टेबलावर आली. नात्यातली पिशवी दुसऱ्याकडे द्यायची, असा नियम होता. मी दिली नाही. मला आकडा आधी पाहायचा होता. यंत्राचा काटा मर्यादेच्या कितीतरी खाली थांबला. पुन्हा मोजलं, तेच. पिशवीत हात घातला तर माती काळीभोर, भुसभुशीत, एक खडा नाही.

भाऊजी बाहेर बाकावर बसले होते. माती कुठली आणली, म्हणून मी विचारलं. बांधाकडची, उकिरड्याच्या शेजारची, पिठाच्या चाळणीनं चाळून आणली, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. खपलीची का नाही आणली?

"काय मेहुणीबाई, सरकारच्या दारात तसली माती न्यायची व्हय? पोरगी दाखवायला बसवताना फाटकं लुगडं नेसवतो का आपण? पास झाली न्हवं?"

इथे पास होणं म्हणजेच नापास होणं, हे मी समजावलं तेव्हा ते हसायचे थांबले.

आत येऊन धायरीच्या बाकीच्या पिशव्या उघडल्या. सगळ्या चाळलेल्या. आकडा बदलला तर तो गुन्हा होता. गप्प बसले तर ताईचं रान जाणार होतं, आणि गावातली इतरांचीही. साहेबांना सांगावं तर नोकरी जाण्याची भीती. तरी गेले आणि पिशवी नात्यातली आहे, इथपासून सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे गावाची काळजी आपल्याला बहिणीची पिशवी मोजून झाल्यावर सुचली."

त्यांनी मला त्या कामावरून काढलं, लेखी समज दिली आणि गुरुवारी आपला माणूस धायरीला पाठवला. त्याने प्रत्येक रानात ठिकठिकाणी खणून माती घेतली. पुढे तोच नियम झाला: माती खात्याच्या माणसानेच काढायची.

दोन दिवस मी नुसती पत्रं टाइप केली आणि ओळीओळीला चुकले. शनिवारी दुपारी साहेबांनी कागद पुढे ठेवला. ताईच्या रानाचा आकडा मर्यादेच्या खूप वर होता. मला हायसं वाटलं. इतकी बिघडलेली जमीन आपल्याच माणसांची आहे आणि ती बिघडलेली निघाली म्हणून आपल्याला बरं वाटतंय, हे फार विचित्र होतं.

यादीत नाव लागलं. उन्हाळ्यात चर खोदले, पावसाळ्यात ते वाहू लागले. ताईकडे गेले तेव्हा भाऊजी मला चरापाशी घेऊन गेले. वाकून त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. बराच वेळ थुंकत राहिले.

"एवढं मीठ हाय आत?" त्यांनी हळूच विचारलं. "आन् मी ह्याच्यावर अजून पाणी सोडत व्हतो."