काहिलीची कडी

आमच्याकडे नाव नव्हती. गुऱ्हाळातली जुनी काहील, म्हणजे गूळ शिजवायची ती मोठी कढई, हीच आमची होडी. वल्हं मारलं की पुढं जायच्या आधी स्वतःभोवती एक फेरी घ्यायची. सत्तरच्या दशकात मी दौंडला रेल्वेत लागलो, तेव्हा सुट्टीच्या सकाळी मी आणि माझा मेव्हणा भीमेच्या डोहात जाळं टाकायचो.

डोहात सुसर आहे असं सगळेच म्हणत. अडकलेलं जाळं सोडवायला एकानं बुडी मारायची, दुसऱ्यानं काहिलीत बसून पाण्यावर नजर ठेवायची. सुसर दिसली की काहिलीची लोखंडी कडी दोनदा आपटायची. पाण्याखाली हाक पोचत नाही, लोखंडाचा ठणठणाट पोचतो.

पहिल्याच खेपेला मी एका ओंडक्याला बघून कडी आपटली. मेव्हणा जाळं तसंच सोडून धडपडत वर आला. घरी सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, त्या ओंडक्यानं शिट्टीबिट्टी दिली का काय?" बायकोसुद्धा हसली.

पुढच्या खेपेला तो पाण्यात असताना कपारीजवळ काहीतरी सरकलं. डोळे होते की बुडबुडे, सांगता येत नाही. माझा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला. तेवढ्यात तो श्वास घ्यायला वर आला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली गेला.

परत आला तेव्हा पोटरी फाटली होती. त्याला आत ओढलं तशी काहील गरगरली. काठ कुठला तेच मला कळेना.

"काय होतं?" मी विचारलं.

"वर तुम्ही व्हता, दाजी. तुम्हीच सांगा."

दवाखान्यात मात्र त्यानं डोहाच्या तळाशी पत्रा लागला म्हणून सांगितलं. तो अजून लंगडतो.

इतक्या वर्षांनी, गेल्या दिवाळीत, मी त्याला म्हणालो, "मला त्या दिवशी काहीतरी दिसलं होतं."

"ठावं हाय. तुमचा हात कडीवर व्हता. म्हटलं, दाजींनी नीट बघितलं, आन् काय न्हाई म्हणून वाजवली न्हाई. म्हणून तर परत बुडी मारली."

"मग पत्रा का सांगितलास?"

"पत्राच असंल की." त्यानं पाय लांब करून चहाचा कप उचलला.

तो मला सोडवत होता की त्याला खरंच तसं वाटतं, हे मी विचारलं नाही. तेव्हाही माझा हात असाच थांबला होता.