चपला लावणाऱ्याची भाकर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेवढ्यावर क्षमा आणि नीतिमत्त्व अशा विषयांवर लिहायला बसलो, हा आगाऊपणा आहे. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण चार महिने मी चपला लावल्या, ते तरी मला नीट सांगता येईल.

नागपुरात नंदनवनमधल्या एका हॉलमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी जमते. चपला सगळे दाराशीच काढतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं. ताट उचललं की मी हळूच बाहेर सटकायचो आणि चपलांच्या जोड्या लावत बसायचो. गावाकडे बारावीच्या परीक्षेत माझ्या हातून कॉपीची चिठ्ठी निसटून मित्राच्या बाकाखाली गेली होती. सरांनी त्याला उठवलं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. त्याचा पेपर गेला, वर्षही गेलं. असल्या हातांनी भाकर कशी घ्यायची?

मंडळीला वाटलं, पोरगा फार सेवाभावी. एकदा तर उपासना चालवणाऱ्या पाळकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

फसल्या नाहीत त्या फक्त पुढच्या बाकावरच्या आजी. पाचव्या महिन्यात त्या माझ्यामागे बाहेर आल्या.

"काहून रे बाबू, भाकर वाटाच्या वेळीच तुले चपला दिसते?"

मी सगळं सांगून टाकलं. म्हणालो, "आजी, आधी थोडा चांगला होतो, मग घेतो."

"अन् किती चपला लावल्या म्हंजे होशील?" त्या हसायला लागल्या. "मी सत्तर वर्षं झाली, वाट पाहून राहिली. अजून नाही झाली चांगली. चांगला तो येशू, बाबू. तो स्वतःचं चांगलेपण तुले देऊन राहिला, अन् तू दारात बसून माह्या सँडलची धूळ झाडून राहिला! चाल आत. अन् त्या पोराले खरं सांग. माफी भेटावी म्हणून नाही, येशूपाशी भेटली म्हणून."

मी आत गेलो. घास घशात अडकेल असं वाटलं होतं, सरळ उतरला. त्या दिवशी बाहेर चपलांचा असा गोंधळ झाला, की पाळक दुसऱ्याच कुणाच्या घालून घरी गेले.

दुपारी मित्राला लांबलचक मेसेज पाठवला. त्यानं वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. पुढचा पहिला रविवार आला तरी नाही. पण ताट उचललं तेव्हा मी बाकावरून उठलो नाही.

काल सीताबर्डीला मेट्रोतून उतरलो आणि फोन वाजला. त्याचा मेसेज होता: "मले तेव्हाच माहीत होतं बे. अक्षर तुह्यंच होतं. लय राग होता. महिनाभर लिहून लिहून पुसून राहिलो होतो. आता नाही राग. नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला माहा. रविवारी येतो. रूम पाहून ठेव."