टाकीमागं टाकलेलं लाल निशाण

कोकणातल्या एका लॉजवाल्यानं आम्हाला फसवलं. किनाऱ्यावरचं धोक्याचं लाल निशाण उपटून त्यानं पाण्याच्या टाकीमागं टाकलं आणि आम्हाला समुद्रात उतरवलं.

चाकणला माझं जॉबवर्कचं शेड आहे, हेल्परी करत करत उभं केलेलं. दसऱ्याला मशिनींची पूजा झाली की कामगारांना घेऊन मी कुठंतरी फिरायला जातो. त्या वर्षी कोकण ठरलं. खोलीपासून सुरमईच्या तुकड्यापर्यंत मी घासाघीस केली. लॉजवाला हसत हसत सगळं कबूल करत गेला.

समुद्रावर दोन्हीकडं लाटा फुटत होत्या. मधला पट्टा मात्र गुळगुळीत.

"कुठं उतरायचं राव?" मी विचारलं.

"तिथं मधे उतरा शेठ. लाटच नाही बघा. बिनधास्त!"

आम्ही नदीकाठची माणसं. संथ पाणी दिसलं की आम्हाला धीर येतो. समुद्रात नेमकं उलटं असतं. लाटांनी आणलेलं पाणी अशाच पट्ट्यातून परत आत ओढलं जातं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. हे मला नंतर कळलं.

माझा मेहुणा सगळ्यात पुढं. देहूचा, इंद्रायणीत पोहून वाढलेला. बघता बघता त्याचं डोकं लांब गेलं. नदीत दमलं की समोरचा काठ धरायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो सरळ किनाऱ्याकडं हात मारत होता आणि मागं मागं जात होता. आम्हीही वेड्यासारखे ओरडत होतो, "इकडं ये! सरळ ये!"

तेवढ्यात लॉजच्या भोंग्यावरचं गाणं बंद पडलं आणि मालकाचा आवाज आला.

"सरळ येऊ नको! झुंजू नको, पाण्यावर पड! डावीकडं आडवा सरक, लाटा फुटतात तिकडं!"

मेहुण्यानं ऐकलं. तो उताणा पडला, आडवा सरकत राहिला. शेवटी लाटांनीच त्याला वाळूवर आणून टाकलं. खारं पाणी ओकत तो माझा पाय धरून पडून राहिला.

त्याला नळावर न्यायला गेलो, तर टाकीमागं ते निशाण, काठीसकट. मी मालकाची कॉलर धरली.

"तुला माहीत होतं!"

"इथंच जन्म गेला शेठ, माहीत नसायला काय झालं? पण निशाण दिसलं की गिऱ्हाईक पुढच्या गावाला जातं, आणि लाटांत उतरा म्हटलं तर बिचकतं. वाचला ना तुमचा माणूस? माझ्याच आवाजानं वाचला. आजचं जेवण माझ्याकडून, मिटवा."

आयुष्यभर मी सौदे केले. हा केला नाही. जेवण न घेता सगळ्यांना गाडीत घातलं आणि थेट गावच्या पोलीस पाटलाकडं गेलो. तो म्हणाला, "मेलं कुणी नाही, मग तक्रार कसली?"

म्हणजे मेहुणा मेला असता, तरच मी बोलायचं? लॉजवाल्या, डावीकडं सरकायचं हे तुला तोंडपाठ होतं. मग आम्ही कपडे काढत असताना तुझं तोंड का शिवलं होतं? माझ्या बायकोसमोर उभा राहा आणि तिच्या भावाला त्या पाण्यात का पाठवलंस, याचं उत्तर दे.