रुमालाखालचा भाव

लालासाब भेटला की मी आधी चनबसाप्पाला चार शिव्या हासडतो आणि मग लालासाबला चहा पाजतो. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीत दोघं भागीदार होते. माझं किराणा दुकान शेजारच्याच गाळ्यात, त्यामुळं सगळा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत झाला.

गुडघे गेले म्हणून एकाहत्तर साली लालासाबनं आपला हिस्सा विकायला काढला. त्या पैशात त्याला उचगावला दोन खोल्या बांधायच्या होत्या. चनबसाप्पाशी सौदा ठरला तो जुन्या बाजाराच्या रीतीनं, रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून आकडा सांगत. बारा हजार. पुढं चनबसाप्पानं एक इंग्रजी कागद दिला आणि लालासाबनं न विचारता सही ठोकली. विचारायचं कशाला? बोटं दाबली होती की!

वर्षाभरानं इन्कमटॅक्सची नोटीस आली. हिस्सा वीस हजारांना विकलात, मग नफा का दाखवला नाही?

"माझ्या नफ्यावरचा कर भरतो की," लालासाब इन्कमटॅक्सच्या कचेरीत म्हणाला, "पर वीस कुठलं?" साहेबांनी कागद पुढं केला. आकडा वीस, खाली सही त्याचीच.

तो लंगडत तडक अडतीत आला. गादीवर चनबसाप्पा आणि जयसिंगपूरचा जावई रुद्रय्या. हिस्सा घेतला होता तो या जावयासाठी.

"पावणं, माझ्या हिश्शाचं तुम्ही किती दिलं?"

"वीस हजार. मामांच्या हातात."

म्हणजे वरचे आठ सासऱ्यानं गिळले होते, जावयाचेच! लालासाबनं खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात चनबसाप्पापुढं धरला.

"घाल हात. त्या दिवशी दाबलीस तेवढीच बोटं आज दाब. मग मी गुमान कर भरतो."

"कागुद हाय की! कागुद बघ!" चनबसाप्पा ओरडला. खोटं बोलायला तोंड तयार होतं त्याचं, हात मात्र रुमालाखाली जाईना. रुद्रय्या सासऱ्याच्या हाताकडं बघत राहिला, मग चपला घालून निघून गेला.

मी साक्ष द्यायला साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "न घातलेल्या हाताची साक्ष मी कुठं लिहू?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या आठ हजारांचं तोंडही लालासाबनं पाहिलं नाही, त्यांच्यावरचाही कर त्यानं भरला. उचगावला एकच खोली उभी राहिली.

चनबसाप्पा अजून सौद्याला बसतो. त्यानं रुमाल काढला की समोरचा आपला हात मागं घेतो आणि म्हणतो, "तोंडानं सांगा."